धुईतले पाचवे ‘हजर’

जागेवर नसलेले मूल हजेरीला ‘हजर’ असे उत्तर देऊ शकते काय, या एकाच प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी मी हे टिपण लिहीत आहे. उत्तर ‘होय’ असे आहे. ते मला कसे मिळाले, मिळवताना माझा सदरा उलटा का झाला आणि एका बारवेच्या किती पायऱ्या मी पायांऐवजी बसून उतरलो, हे क्रमाने सांगतो. (क्रम सोडला की मुले गोंधळतात. मोठ्यांचेही तेच होते, फक्त ते हात वर करत नाहीत.)

अहमदपूर तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत मी आयुष्यभर शिकवले आणि रीतसर निवृत्त झालो. वर्ग सुटला, पण शिकवण्याची सवय सुटली नाही. ती आता नातवंडांच्या वाट्याला आली आहे. मुलगा नांदेडला विष्णुपुरीकडे राहतो. त्याची ओवी दहा वर्षांची, आणि तिच्या पाठीवरची अर्णव-अन्वी ही जुळी आठ वर्षांची. मुलगी लातूरला असते. तिचा श्लोक सहा वर्षांचा, नुकताच पहिलीत गेलेला. ही चौघेही गेल्या भाद्रपदात एका शनिवारी आमच्याकडे मुक्कामाला होती. पावसाळा ओसरत आलेला, शरद ऋतू उंबरठ्यावर. सोयाबीन पिवळे पडू लागलेले, डोंगरात सीताफळे धरलेली. मी ठरवले, रविवारी पहाटे मुलांना घेऊन निसर्गनिरीक्षणास जावयाचे. माझा भाचा बालाजी याचे गाव डोंगराच्या पायथ्यालाच आहे. त्याची नऊ वर्षांची रेणुका गावाबाहेरच्या पारावर आम्हांला येऊन मिळणार होती. एकूण मुले पाच. मी वहीत पाच नावे लिहिली, रकाने आखले आणि निश्चिंत झालो.

सौभाग्यवती मात्र निश्चिंत नव्हत्या.

“पितरपाटात लेकरायला डोंगरात नेत असतेत व्हय?”

“पितृपक्ष म्हणजे चंद्राच्या कला कमी होण्याचा पंधरवडा. त्यात भिण्यासारखे काही नाही.”

“असंल. पण चंद्र काही डोंगरात जाऊन राहिला न्हाई, तुम्ही जाऊन राहिलाव!”

एवढे बोलून त्यांनी श्लोकला कानटोपी घातली आणि तिच्यावरून मफलर असा गुंडाळला, की मुलाचे फक्त दोन डोळे जगाशी संबंध ठेवून राहिले.

सहलीचा माझा एक नियम आहे, तो येथे नमूद केला पाहिजे. पट पूर्ण झाल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही. एक जरी मूल गैरहजर असले, तरी सर्वांची सहल रद्द. उन्हाळ्यात आमराईला निघताना ऐन हजेरीच्या वेळी अर्णव टोपी आणायला घरात गेला, तेव्हा मी ती सहल फाटकातूनच परत फिरवली होती. मुले दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीत. शिस्त आत झिरपत आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

टमटमवाल्याने आम्हांला पारापाशी सोडले आणि तो वळून गेला. त्याचा आवाज विरला, तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आले, की आम्हांला काहीच दिसत नाही. धुई पडली होती. शरदाच्या तोंडावर पहाटे आमच्याकडे धुके पडते, त्याला धुई म्हणतात. हे मी मुलांना लगेच सांगितले. पण अशी धुई मीही पाहिली नव्हती. पिंपळाचा बुंधा दिसत होता, आणि त्याच्या वर झाड संपले होते. वारा नव्हता, तरी वरून कोठून तरी टप् टप् असे थेंब गळत होते. गाव शंभर पावलांवर असूनही तेथून ना कोंबडा आरवला, ना कुत्रे भुंकले. मुले आपोआप हळू आवाजात बोलू लागली. माझ्या चष्म्यावर वाफ धरली, ती पुसली, पुन्हा धरली. मी वही डोळ्यांशी नेऊन हजेरी सुरू केली.

“ओवी!”

“हजर!”

“अर्णव! अन्वी!”

“हजर! हजर!”

“श्लोक!”

“हजर!”

“रेणुका!”

एक थेंब गळला. मग धुईतून बारीक, दबलेला आवाज आला.

“हजर!”

“शाब्बास, रेणुका. वेळेवर आलीस.” मी मान वर न करताच खूण केली. (मान वर करून हजेरी घेतल्यास रकाना चुकतो, असे माझे मत होते. ‘होते’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे.) रेणुकाचा आवाज अगदी श्लोकसारखा आहे, हेही मी टिपले आणि मुलांना समजावून दिले, की या वयात सर्वांचे स्वरयंत्र सारखेच असते. यावर कोणी शंका विचारली नाही.

मग मी दोर काढला. त्याला हातभर अंतरावर पाच गाठी मारलेल्या होत्या. प्रत्येकाने एक गाठ धरायची, मी पुढचे टोक धरायचे. म्हणजे धुक्यातही कोणी सुटत नाही. आम्ही चढू लागलो. तरोट्याची पिवळी फुले, कुर्डूचे तुरे, दवाने भरलेली कोळ्यांची जाळी, असे मी पुढून सांगत होतो आणि मागून “हो, आजोबा” असे येत होते. सीताफळीच्या झुडपांपाशी मी थांबलो.

“फळ पक्व होऊ लागले, की त्याचे डोळे उघडतात, असे आपल्याकडे म्हणतात. पाहा.”

मुलांनी पाहिले. धुईत फांदी दिसत नव्हती, पाने दिसत नव्हती. फक्त अधांतरी लटकलेली हिरवी डोकी, आणि त्यांचे सगळे डोळे उघडे.

“ती आपल्याकडं बघतायत,” अन्वी म्हणाली.

“तो केवळ वाक्प्रचार आहे,” मी म्हणालो आणि जरा भरभर चालू लागलो.

दोर मात्र माझ्या हातात चांगला ताणलेला होता. मधूनमधून शेवटच्या टोकाला हिसका बसे, कोणी लहान मूल पाय ओढत चालावे तसा. “रेणुका, मागे राहू नको,” असे मी म्हणे. मागून येई, “हजर!” उत्तर प्रश्नाला जुळत नव्हते, पण खेड्यातले मूल लाजत असेल, असे मानून मी पुढे गेलो.

अर्ध्या तासाने एक सपाट खडक लागला. तेथे मी धपाट्यांच्या पुड्या वाटल्या. पुड्या पाच आणल्या होत्या. चार हातांत गेल्या आणि पाचवी माझ्या हातातच राहिली.

“कोणाला मिळाली नाही?”

सर्वांना मिळाली होती. मी मुले मोजली. चार. चष्मा पुसून मोजली. चार. उजवीकडून डावीकडे मोजली. (बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे मी हजारो मुलांना शिकवले आहे, तरीही मी क्रम बदलून पाहिला!) चारच. दोराची पाचवी गाठ खडकावर ओली पडली होती आणि तिच्यात वाटेतल्या झुडपाचा काटा रुतला होता.

बालाजीची लेक माझ्या हवाली होती. ती माझ्या दोराला धरून वर आली होती, आणि आता दोर होता, ती नव्हती. कसाबसा आवाज काढून मी हाक मारली.

“रेणुका!”

“हजर!”

अगदी जवळून! मी गर्रकन वळलो. चार चेहरे आणि पांढरी धुई.

“कोण बोललं?”

अर्णव धपाट्याकडे पाहत होता, अन्वी अर्णवकडे पाहत होती. ओवी रडवेली झाली होती.

“आजोबा, आपण परत जाऊ या ना.”

ती घाबरली आहे, हे माझे अनुमान बरोबर होते. कशाला, ते चुकले.

“रेणुकाला सोडून परत? गाठी धरा!”

आता आम्ही उलट दिशेने उतरू लागलो. दर वीस पावलांवर मी हाक मारी, आणि दर हाकेला ओ येई. आवाज खोलीत बंद केल्यासारखा. कधी दरडीवर आपटून समोरून येई, कधी अगदी कानामागून. मी डावीकडे धावलो की तो उजवीकडे असे. मी उजवीकडे वळलो की मागे! मुले दोराला धरून माझ्यामागे भोवऱ्यासारखी फिरत होती. एकदा तर मी न ओरडता, केवळ स्वतःशी “रेणुका…” असे पुटपुटलो, आणि माझ्या कोपराजवळ कोणीतरी तितक्याच हळू म्हणाले, “हजर.”

तेवढ्यात घुंगरे वाजली. माझ्या छातीच्या उंचीवर धुईतून एक दाढीवाला चेहरा बाहेर आला आणि पिवळ्या डोळ्यांनी त्याने मला न्याहाळले. मी किंचाळलो. (मुलांनी नंतर ‘किंचाळले’ हाच शब्द वापरला, म्हणून मीही तोच वापरतो.) ती दगडावर चढलेली बकरी होती. तिच्यामागून एक आकृती आली, तिला डोके नव्हते. आणखी जवळ आल्यावर कळले, की डोक्यावरून पोत्याची खोळ घेतलेली चाळिशीची एक बाई आहे.

“कोण वरडलं? अगंबया, गुरुजी व्हय!”

अर्धा तालुका मला गुरुजी म्हणतो, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही.

“बाई, मुलगी हरवली आहे. आवाज येतो, दिसत नाही.”

“आवाज येतोय?” तिने बकऱ्या थांबवल्या. “किती येळा?”

“पुष्कळदा. मी हाक मारतो, ती ओ देते.”

“अन् तुम्ही हाका मारूनच राहिलाव? बास करा! चकवा हाय ह्यो. हाकंला ओ देतंय, अन् फिरवून फिरवून बारवंकडं नेतंय.”

“चकवा वगैरे काही नसते. मी या विषयावर शाळाशाळांतून व्याख्याने दिली आहेत.”

“दिली असताल. पर तुमी उभं कुठं राहिलाव, ते तर बघा.”

मी खाली पाहिले. माझ्या बुटांपुढे दोन हातांवर जमीन संपली होती. धुईच्या पोटात एक चौकोनी काळोख होता. दगडी पायऱ्या त्यात उतरत गेल्या होत्या आणि त्यांच्या फटींतून पिंपळाची मुळे लोंबत होती. पडीक बारव! आम्ही खडकावरून फिरत फिरत तिच्या काठावर आलो होतो.

“सदरा उलटा करून घाला,” बाई म्हणाली. “मग चकवा वळखत न्हाई माणसाला.”

“हे शुद्ध अज्ञान आहे.”

“हाव. पर पोरगी कुणाची हाय?”

या प्रश्नाला विज्ञानात उत्तर नव्हते. मी धुईत चार पावले दूर गेलो आणि सदरा उलटा करून घातला. (खिसा आत गेल्यामुळे पेन छातीला टोचू लागले. उलट्या सदऱ्याचा एवढाच परिणाम मी खात्रीने सांगू शकतो.) मग पिशवी आणि फोन मुलांपाशी ठेवला, मुलांना काठापासून चार हात दूर बाईच्या स्वाधीन केले, आणि बारवेत तोंड घालून पुन्हा एकदा ओरडलो.

“रेणुका!”

“हजर… जर… अर…”

आवाज आतून आला. थेट पाण्यावरून!

त्यानंतर मी विचार केला नाही. सात पायऱ्या मी नीट उतरलो. आठवीवर शेवाळ होते. आठवी ते चौदावी मी बसून उतरलो, मोजत! मोजणे ही सवय आहे, तिला प्रसंग कळत नाही. पाण्यात गुडघाभर उभा राहिलो, तेव्हा वर आकाशाचा एक पांढरा चौकोन होता आणि भोवती हिरवी भिंत. पाणी हलले, मग थांबले. त्यात कोणी नव्हते. कोनाड्यात पाहिले, मुळांमागे हात घातला. एक बेडूक सुटला. बालाजीला काय सांगावे, याची वाक्ये माझ्या मनात आपोआप जुळू लागली, आणि एकही वाक्य पूर्ण होईना. मी हात जोडले. कोणाला, ते विचारू नये.

“पोरी, असशील तिथून एकदा बोल. रेणुका!”

“हजर… जर… अर…”

सर्व बाजूंनी! वरून, खालून, भिंतीतून. आणि त्याच क्षणी वर माझा फोन वाजला.

“आजोबा, रेणुकाच्या आईचा आहे!” ओवी काठावरून ओरडली. “मोठ्यानं लावू?”

“लाव,” मी म्हणालो. सुटका नव्हतीच.

फोनमधून बालाजीच्या बायकोचा आवाज बारवेत उतरला. “मामा, सांगायचं राहूनच गेलं बगा! माझ्या माहेरी आज पित्तर हाय. रात्रीच आलेय मी चाकूरला, रेणुकाला घेऊन. तिची वाट बघत थांबला न्हाईत ना? हे घ्या, तिलाच बोला.”

“आजोबा, मी चाकूरला हाय,” रेणुकाचा आवाज आला. “हितं खीर हाय.”

मला आनंद व्हायला हवा होता. तो क्षणभर झालाही. पोर सुखरूप होती, खीर खात होती. पण मग थंड पाणी पायांतून वर चढावे, तसा पुढचा प्रश्न वर चढला. रेणुका चाकूरला असेल, तर पहाटेपासून माझ्या दोराला धरून कोण चालत होते? मी हलक्या आवाजात, भिंतीला पाठ लावून, शेवटचा प्रयोग केला.

“रे… रेणुका?”

“हजर!”

फोनमधून नव्हे! फोनमधली रेणुका त्याच वेळी “काय?” म्हणत होती. मी डोळे मिटले. आणि वरून हसण्याचा असा स्फोट झाला, की बकऱ्या उधळल्या.

“अवो गुरुजी! वर या, वर या! चकवा घावला!”

मी वर पोहोचलो, तेव्हा त्या बाईने श्लोकचा मफलर नाकाखाली ओढून धरला होता. “ह्यो बगा. मगापास्नं बगून राहिले म्या, तुम्ही नाव घेतलं की ह्या मफलरातून वाफ निघते!”

श्लोक निर्विकार होता.

“श्लोक, तू ‘हजर’ का म्हणत होतास?”

“ओवीताईनं सांगितलं. रेणुकाचं नाव आलं की म्हणायचं.”

“पण आजोबा घाबरले, पाण्यात उतरले, तरी?”

“थांब म्हणून कुणी सांगितलंच नाही.”

मी ओवीकडे वळलो. तिने सर्व गुन्हा एका श्वासात कबूल केला. रेणुका पारावर दिसली नाही, म्हणजे आमराईसारखी ही सहलही रद्द होणार, म्हणून तिने श्लोकला कामाला लावले. नंतर मला सांगावे, तर मी रागावेन. न सांगावे, तर मी धावत सुटलेला. “आणि शाळेत पण आम्ही असंच करतो, आजोबा,” ती हुंदका देत म्हणाली. “कुणी आलं नाही की शेजारचा ‘हजर’ म्हणतो. सगळेच करतात.”

“तुझ्या शाळेत करत असतील,” मी ताठ होत म्हणालो. (सदरा उलटा आणि धोतर गुडघ्यापर्यंत ओले असताना जितके ताठ होता येते, तितका.) “माझ्या वर्गात हे कधीही घडले नाही.”

बकऱ्या गोळा करणारी ती बाई थांबली. तिने पदर तोंडाला लावला.

मी तिचे आभार मानले. आभार नावानिशी मानावेत, म्हणून नाव विचारले.

“शेवंता.”

“शेवंता!” मला एकदम आठवले. “चौथीतली? वर्षभर एकही दिवस न चुकलेली? तुला मी भर सभेत कंपासपेटी दिली होती!”

“हाव, तीच की म्या.”

“मग मी तुला ओळखले कसे नाही?”

“कसं वळखताल, गुरुजी? म्या कवा आले व्हते!” शेवंताने काठी बकरीच्या पाठीवर टेकवली. “म्या तवा बी हितंच बकऱ्या राखायचे. माझी हजेरी सकू लावायची, माझ्या चुलत्याची लेक. तुमी मान खाली घालून लिहायचाव, तिला काय आवघड?”

“आणि कंपासपेटी? ती तर माझ्या हाताने दिली!”

“ती बी सकूनंच घेतली. तुमी वहीत बघून नाव वाचलंव अन् वहीत बघूनच पेटी दिलीव. पर सकू इमानी हाय हां. पेटीचं झाकण मला आणून दिलं तिनं.” मग माझा चेहरा पाहून तिला बहुधा दया आली. “तुमी टाळ्या लई मन लावून वाजविल्या म्हणं, गुरुजी.”

धुई विरत होती. खाली बालाजीचे गाव दिसू लागले. आम्ही इतका वेळ त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर फिरत होतो. मुलांनी शेवंताने दाखवलेली सीताफळे तोडली, आणि ही सहल त्यांना फार आवडली, असे त्यांनी एकमुखाने सांगितले. मी वही उघडून रेणुकाच्या रकान्यातली खूण खोडली. त्यामागे तीन दशकांच्या ज्या खुणा होत्या, त्या खोडायला माझ्याजवळ वही नव्हती.

घरी आल्यावर मी हा वृत्तांत मुद्दाम कोणाला सांगितला नाही, मुलांनी तो दारातच सांगून टाकला होता. केवळ पडताळा म्हणून जेवायच्या वेळी पाटावर बसलो, मान खाली घातली आणि नावे पुकारली. शेवटी म्हणालो, “शेवंता!”

“हजर!” स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला. “सदरा सुलटा करून घ्या आधी, मग वाढते!”

तेव्हा हजेरी घेणाऱ्या सर्वांना माझी साधी विनंती आहे. उद्या पटावर नसलेले एखादे नाव मधेच पुकारा, मान वर ठेवा, आणि उत्तर येते की नाही, ते स्वतः पडताळून पाहा.